शाळेमुळे तगलेला मठ

चि. सोन्या,

ग्यॉरपासून वीसेक किलोमीटरवरच्या टेकडीवर, पान्नोनहाल्माच्या मठात, मुलांची निवासी शाळा कशी काय, असं तू विचारलं होतंस. साधूंनी फावल्या वेळात शाळा काढली असेल, असाच आपला समज होतो. पण या मठावर दोनदा सरकारी हुकुमांचं गंडांतर आलं आणि दोन्ही वेळा तो शिकवण्याच्या कामामुळे तगला. ती हकिगत सविस्तर लिहितो.

हंगेरीचा राजपुत्र गेझा याने ९९६ साली बेनेडिक्टाइन साधूंना या टेकडीवर जागा दिली. देश नुकता ख्रिस्ती धर्माकडे वळत होता. पुढच्याच वर्षी गेझा वारला. त्याचा मुलगा इश्टवान हंगेरीचा पहिला राजा झाला आणि त्याने मठाला जमिनी आणि सनदा देऊन त्याचं बस्तान पक्कं केलं.

या साधूंच्या दिनक्रमात प्रार्थना आणि श्रम यांच्या जोडीला वाचनही होतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस मठाच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा ८०च्या आसपास हस्तलिखितं यादीत नोंदली गेली. त्यांत धर्मग्रंथ होतेच, पण सिसरोची भाषणं आणि लॅटिन व्याकरणही होतं. १०५५ सालची तिहानी मठाची सनद आज इथल्याच दप्तरात आहे. सनद लॅटिनमध्ये आहे. पण जमिनीच्या हद्दी सांगताना लिहिणाऱ्याने स्थानिक खुणा लोकांच्या बोलीतच उतरवल्या आणि त्यात फेहेरवारकडे जाणारी लष्करी वाटही आली. हंगेरियन भाषेचा अभ्यास करणाऱ्याला या चामड्याच्या तुकड्यापाशी यावंच लागतं.

१२४१-४२ मध्ये मंगोल चालून आले, तेव्हा मठाधिपती उरोश याने मठ लढवला आणि राखला. तुर्कांच्या काळात मठाचा किल्ला झाला आणि साधूंना अनेकदा पळावं लागलं. तरी मठावरचा सर्वांत मोठा घाव परक्या सैन्याचा नव्हता.

हाब्सबुर्ग सम्राट दुसरा जोसेफ याच्या मते अध्यापन किंवा रुग्णसेवा न करणारे मठ समाजाच्या काही कामाचे नव्हते. १७८६ साली त्याच्या हुकुमाने हंगेरीतले बेनेडिक्टाइन मठ बंद झाले. साधू पांगले, ग्रंथही टेकडीवरून हलवले गेले. सोळा वर्षं मठ ओस पडला. १८०२ साली सम्राट फ्रान्सिसने तो पुन्हा उघडला, पण एका अटीवर: साधूंनी शाळांमध्ये शिकवायचं. तेव्हापासून इथे दीक्षा घेणारा तरुण शिक्षक होण्याच्याच तयारीने येऊ लागला. ग्यॉर, शोप्रोन, एस्तरगोम, पापा अशा गावांतल्या शाळा या साधूंनी चालवल्या.

या अटीतून काय उभं राहिलं, याचा दाखला तुझ्या शहरातच आहे. ग्यॉरच्या नदीवरच्या पुलाला ज्याचं नाव आहे तो आन्योश येडलिक याच मठाचा साधू. १८०० साली जन्मलेला हा माणूस भौतिकशास्त्र शिकवायचा, आधी ग्यॉरला, मग पोझोनला, पुढे पेश्तच्या विद्यापीठात. १८२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने विद्युतचुंबकांवर फिरणारं यंत्र बनवलं. डायनामोचं तत्त्व त्याने १८६१च्या सुमारास मांडलं, सीमेन्सच्या काही वर्षं आधी. पण त्याचा गवगवा केला नाही, त्यामुळे जगाने श्रेय सीमेन्सला दिलं. हंगेरीत सोडावॉटर आणलं तेही त्यानेच. तू दिवसभर ज्या विजेच्या मोटारींशी खटपट करतोस, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या भाईबंदांपैकी एक या गुरुजींच्या हातची आहे, हे ध्यानात ठेव.

गंमत अशी की टेकडीवरची निवासी शाळा मात्र १९३९ची. हंगेरी आणि इटली यांची जवळीक होती, म्हणून तिथे इटालियन भाषेवर भर होता. शाळा सुरू होते न होते तोच महायुद्ध दाराशी आलं. १९४४च्या शरद ऋतूत मठाधिपती केलेमेन क्रिझोस्तोम यांनी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं संरक्षण मिळवलं आणि शेकडो निर्वासितांना आसरा दिला. त्यात लहान मुलं होती, ज्यूही होते.

दुसरं गंडांतर युद्धानंतरचं. १९४८ साली कम्युनिस्ट राजवटीने चर्चच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि १९५०मध्ये बहुतेक धर्मसंघांना काम करायची बंदी केली. त्याच वर्षी बिशपांशी करार होऊन चार संघांना मिळून आठ शाळा परत मिळाल्या. बेनेडिक्टाइनांच्या वाट्याला दोन आल्या, ग्यॉर आणि पान्नोनहाल्मा. संघात माणसं किती ठेवायची, हेही शाळांना लागतील तेवढीच, असं ठरलं. चर्चच्या शाळेत शिकलेल्या मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. तरीही पालक मुलांना इथे धाडत राहिले, आणि चाळीस वर्षं साधू वर्गात उभे राहिले. मठ टिकला तो या माणसांच्या कष्टावर आणि पालकांच्या धैर्यावर, असं माझं ठाम मत आहे.

१९९६ साली मठाला हजार वर्षं झाली आणि युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज ग्रंथालयात सुमारे ४ लाख ग्रंथ आहेत, आणि शाळा चालूच आहे.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिथे जाच. नुसते मनोऱ्याचे फोटो काढून परतू नकोस. वाटाड्याबरोबर ग्रंथालय नीट बघ, आणि काय पाहिलंस ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा