तांबरम् ते चेटपेट

महाराष्ट्रातून मद्रासेकडे जाणारा गृहस्थ बहुधा रामेश्वराच्या यात्रेस निघालेला असतो. नाहीतर कांचीपुरमची देवळे व तेथील रेशीम, अथवा तंजावरच्या भोसल्यांचा वाडा व सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह पाहण्याची हौस त्यास तिकडे ओढून नेते. मद्रास हे त्याच्या लेखी केवळ गाडी बदलण्याचे गाव. वेळ उरलाच तर मयिलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन घेऊन व मरीनेच्या वाळूत एक संध्याकाळ घालवून तो पुढचा रस्ता धरतो. 1996 साली ह्या शहराचे सरकारी नाव चेन्नई झाले. पण जुन्या पिढीच्या तोंडी मद्रास हेच नाव आहे व ह्या लेखातील हकीकत त्याच नावाच्या काळातील असल्यामुळे आम्हीही तेच योजीत आहो. आमच्या वाचकांपैकी जे कोणी ह्या वाटेने जातील त्यांनी आणखी अर्धा दिवस काढावा, आणि उपनगरी आगगाडीने तांबरमपर्यंत जाऊन परतताना चेटपेटास उतरावे, अशी आमची सूचना आहे. ह्या सुमारे वीस किलोमीटरांच्या टप्प्यात कोरीव गोपुरे नाहीत की राजवाडे नाहीत. तथापि घरोघरी ज्या प्रश्नाने माणसे रडविली, त्याचा निवाडा येथे झाला. आणि तोही कोणाच्या अधिकारवाणीने नव्हे, तर रुग्णांची समोरासमोर तुलना करून झाला.

सेंट्रल स्टेशनाबाहेर येताच समोर मोठे सरकारी रुग्णालय दिसते. इंग्रज कंपनीने 1664 साली सेंट जॉर्ज किल्ल्यात आपल्या आजारी शिपायांकरिता जो दवाखाना काढला, त्याचाच हा वाढलेला वटवृक्ष. जवळच पार्क नावाचे स्टेशन आहे. तेथे तांबरमची गाडी धरावी. एगमोर, चेटपेट, नुंगमबाक्कम, कोडंबाक्कम, मांबलम अशी स्टेशने भराभर मागे पडतात. डब्यात मोगऱ्याच्या गजऱ्यांचा घमघमाट असतो, आणि ज्या द्राविडी भाषेतील एक अक्षरही आपणांस कळत नाही तीत शेजारच्या बायका घरगुती सुखदुःखेच बोलत असाव्यात, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून सहज ओळखता येते. गिंडीपुढे टेकड्या दिसू लागतात, पल्लावरम् येते, कातडी कमावण्याच्या कारखान्यावरून नाव पडलेले क्रोमपेट येते, आणि त्यापुढच्या फलाटावर पाटी दिसते ती ‘तांबरम् सॅनेटोरियम’ अशी. गाव वा देव ह्यांच्या नावाची स्टेशने पुष्कळ; परंतु क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाच्या नावाने ओळखले जाणारे स्टेशन विरळाच!

हे आरोग्यधाम 1928 साली डॉ. चौरी मुत्तु ह्या गृहस्थांनी स्थापिले. इंग्लंडातील मेंडिप टेकड्यांत त्यांनी पूर्वी असेच एक आरोग्यधाम चालविले होते. पुढे 1937 साली ही संस्था सरकारकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ब्रेमर नावाच्या वैद्याने जी उपचारपद्धती रूढ केली, तिचेच हे दक्षिणेकडील रूप. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती, पौष्टिक आहार आणि घरादारापासून दूर दीर्घकाळ वास, हे तिचे चार खांब. आपल्याकडेही मिरजेजवळची वानलेसवाडी व पाचगणीचे बेल-एअर ह्या नावांचा अर्थ जुन्या घरांतून निराळा सांगावा लागत नसे. कोणाची थोरली सून, कोणाचा नुकता वकिलीची परीक्षा उतरलेला मुलगा तेथे गेला म्हणजे घरात आवाज उतरत असत. रोग्याची भांडी निराळी होत, मुलांना आईपासून दूर ठेवण्यात येई, आणि उपवर मुली असलेल्या घरात तर त्या आजाराचे नावही कोणी घेत नसे. पैसा असणाऱ्यांस निदान हा वियोग तरी विकत घेता येई. ज्यांस तोही परवडत नसे त्यांनी काय करावे?

प्रश्न लहान नव्हता. नाशकास जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने 1946 साली जो अहवाल सादर केला, त्यात देशातील सक्रिय क्षयाचे रुग्ण सुमारे पंचवीस लाख, त्या रोगाने वर्षास होणारे मृत्यू सुमारे पाच लाख, आणि त्यांच्यासाठी असलेल्या खाटा अवघ्या सहा हजारांच्या घरात, असा अंदाज दिला आहे. म्हणजे चारशे रोग्यांमागे एक खाट! आरोग्यधामावाचून क्षय बरा होत नाही हे जर खरे, तर ह्या देशातील बहुसंख्य रोग्यांस मृत्यूची वाट पाहण्यावाचून गती नव्हती.

तोच औषधे हाती आली. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला; पाठोपाठ पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल, ज्याला थोडक्यात ‘पास’ म्हणतात, ते आले; आणि 1952 साली आयसोनायझिड हे स्वस्त व प्रभावी औषध प्रचारात आले. परंतु औषध येणे निराळे आणि त्याचा गुण सिद्ध होणे निराळे. हवापालट, सोन्याचे क्षार, नाना प्रकारची सत्त्वे, ह्या सर्वांनी रोगी बरे झाल्याची प्रशस्तिपत्रे वैद्यकाच्या इतिहासात ढिगांनी पडली आहेत. म्हणून ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेत ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञाने, जो स्वतः तरुणपणी क्षयाने अंथरुणास खिळला होता, एक नवीच शिस्त घालून दिली. रोगी 107. कोणास औषध द्यावयाचे व कोणास नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता सोडतीने ठरवून बंद लिफाफ्यांत घातलेले. क्षकिरणांची चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांस हे चित्र कोणत्या गटातील रोग्याचे, हे ठाऊक नाही. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या 55 पैकी 4 दगावले होते. न मिळालेल्या 52 पैकी 14.

‘माणसाचे प्राण का सोडतीवर टाकावयाचे?’ अशी शंका कोणाही सहृदय वाचकाच्या मनात येईल, आणि ती यावयासच पाहिजे. परंतु त्या वेळी ब्रिटनमध्ये औषध इतके दुर्मिळ होते की ते सर्वांस पुरणे शक्यच नव्हते. शिवाय सोडत नसती तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. डॉक्टर आपल्या दयाबुद्धीने, वा बरा होण्याची आशा अधिक म्हणून, ठराविक रोग्यांनाच नवे औषध देतात. मग ते बरे झाले ते औषधाने की मूळच्या सुदैवाने, हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. आरोग्यधामांचे यशही असेच संशयित होते. तेथे जाणारा बहुधा खाऊनपिऊन सुखी; घरी मरणारा बहुधा दरिद्री. ह्या दोघांची तुलना करून हवेचे माहात्म्य कसे ठरावे?

आता परतीच्या गाडीने चेटपेटास यावे. स्टेशनापासून जवळच सत्यमूर्ती रस्त्यावर एक सरकारी संशोधनसंस्था आहे. 2011 पासून तिचे नाव राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था असे आहे; परंतु 1956 साली ती स्थापन झाली तेव्हा तिला क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्र म्हणत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद, अशा चौघांनी मिळून हे काम हाती घेतले, व त्याची धुरा प्रथम डॉ. वॉलेस फॉक्स ह्या इंग्रज वैद्याकडे आली. बाहेरून पाहणाऱ्यास येथे कचेरीवजा इमारतींपलीकडे काही दिसणार नाही. हे प्रदर्शन नव्हे, कामाची जागा आहे. तेव्हा रस्त्यावरूनच पाहून पुढे जावे हे बरे.

केंद्रापुढचा प्रश्न सरळ होता: तेच औषध, तितकेच दिवस, एकास आरोग्यधामात व दुसऱ्यास त्याच्या घरी दिले, तर गुणात काय फरक पडतो? थुंकीत क्षयजंतू आढळलेले 193 रोगी ह्या परीक्षेत घेण्यात आले. ते शहरातील गरीब वस्त्यांतले होते. सोडतीने त्यांचे दोन गट पाडले. दोघांनाही वर्षभर आयसोनायझिड व पास. एका गटास त्याखेरीज खाट, शुश्रूषा, मोकळी हवा व सकस जेवण. दुसऱ्यास दाटीची खोली, चुलीचा धूर, जमेल तसे अन्न आणि बऱ्याच जणांच्या कपाळी पूर्ववत् कामधंदाही. जुन्या वैद्यकाचा कौल ऐकावा तर ह्या दुसऱ्या गटाचा निकाल आधीच लागलेला होता.

वर्षअखेर थुंकीच्या परीक्षेवरून ज्यांचा रोग शमला असे ठरले, त्यांचे प्रमाण आरोग्यधामात शेकडा 92 निघाले आणि घरी शेकडा 86. एवढ्या थोड्या रोग्यांत हे अंतर किरकोळ होय; आणि पुढे पाच वर्षेपर्यंत ह्याच माणसांचा माग ठेवून पाहिले तेव्हा दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन मात्र घरच्यांपेक्षा पुष्कळच अधिक वाढले. ते अंगाने भरले. परंतु जंतू मरण्याचे काम घरच्या खोलीतही जवळजवळ तितकेच झाले होते. हा वृत्तांत 1959 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

तथापि गृहस्थाश्रमी माणसाचा खरा प्रश्न पुढेच आहे. रोगी बरा होईल. पण त्याला घरी ठेवून मुलाबाळांचे काय? केंद्राने ह्याचाही शोध सोडला नाही. दोन्ही गटांतील रोग्यांच्या घरची माणसे वर्षानुवर्षे तपासण्यात आली. ज्यांचा रोगी घरीच होता त्यांच्यात, ज्यांचा रोगी दूर पाठविला होता त्यांच्यापेक्षा, नवे रुग्ण अधिक निघाले नाहीत. संसर्ग व्हावयाचा तो बहुतांशी रोग ओळखण्यापूर्वीच झालेला असतो. औषध नेमाने सुरू झाले म्हणजे रोग्यापासूनचा धोका झपाट्याने ओसरतो. म्हणजे आईपासून तोडून आजोळी धाडलेल्या कित्येक पोरांचा तो वियोग, औषधांच्या युगात तरी, निष्कारण होता!

‘नेमाने’ हा शब्द मात्र वाचकांनी लक्षात ठेवावा. पासच्या मात्रा मोठ्या, चव वाईट, पोटास त्रासदायक. आणि दोनतीन महिन्यांत बरे वाटू लागले की पुढे औषध कशास घ्यावे, असे माणसास वाटणे स्वाभाविक. केंद्राचे लोक रोग्याच्या घरी अवचित जात, उरलेली औषधे मोजीत, व लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले की नाही ते पाहात. त्यातून असे दिसून आले की, ही ढिलाई कोणा एका जातीची वा वर्गाची मिरास नसून मनुष्यमात्राची आहे. म्हणून पुढच्या परीक्षेत, जिचा वृत्तांत 1964 साली आला, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात बोलावून समक्ष औषध देण्याची रीत पडताळून पाहिली. ती घरी रोज घ्यावयाच्या औषधापेक्षा उणी ठरली नाही. समक्ष औषध देण्याची जी पद्धती पुढे जगभर पसरली तिच्या मुळांपैकी एक ह्या चेटपेटच्या दवाखान्यात आहे. 1962 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानेही रोग्यास घरी ठेवूनच उपचार करण्याचे धोरण स्वीकारले.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. मद्रासच्या निकालावरून ‘अन्नाला महत्त्व नाही’ असा अर्थ कोणी काढील तर तो अन्याय होईल. तुलना जेवढे विचारावे तेवढ्याचेच उत्तर देते. योग्य औषध मिळत असता गरिबीच्या आहारावरही रोगी बरा होतो, एवढेच तेथे दिसले. घरच्या निरोगी माणसांस अन्नाने रोगापासून वाचविता येते काय, हा प्रश्न कित्येक दशके तसाच राहिला. तो झारखंडातील चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 ह्या काळात विचारण्यात आला, आणि त्या कामात चेटपेटची ही संस्थाही सहभागी होती. रोग्यांच्या घरच्या 10,345 माणसांचे सोडतीने दोन गट करून एका गटास दरमहा तांदूळ व डाळ पुरविली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण शेकडा 39 ने कमी निघाले. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. जुन्या वैद्यांनी पौष्टिक अन्नावर जो भर दिला होता त्यातील सत्यांश अशा रीतीने उजेडात आला. पण तोही श्रद्धेने नव्हे, मोजून.

तांबरमचे आरोग्यधाम आज ओस पडलेले नाही. तेथे छातीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे, आणि 1990 नंतरच्या काळात, एड्सच्या रोग्यांस इतरत्र दारे बंद होत असता, त्यांना तेथे मोठा आसरा मिळाला. ज्या रोग्यांस खरोखरच खाट हवी त्यांच्यासाठी खाट हवीच. चेटपेटच्या परीक्षेने आरोग्यधामाची निंदा केली नाही. खाट मिळाली नाही म्हणून निराश होण्याचे कारण तेवढे दूर केले.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत, आणि सुशिक्षित घरांतूनही ह्या रोगाचे नाव अद्याप हळू आवाजातच घेतले जाते. आपल्या आळीत वा नात्यात कोणास हा आजार झाल्याचे कळले, तर त्याचे ताट वेगळे मांडण्यापूर्वी मद्रासच्या त्या 193 गरीब माणसांची आठवण ठेवावी. वर्षभर दूर राहावयाचे की घरी, हे त्यांनी सोडतीवर सोपविले, पाच वर्षे आपली तपासणी होऊ दिली, आणि त्या बळावर लाखो रोग्यांस आपल्या माणसांत राहून बरे होण्याची वाट मोकळी झाली. त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूने वाटेत चेटपेटास घटकाभर उतरून त्यांस मनोमन नमस्कार केला, तर यात्रेचे पुण्य काही उणे होणार नाही.