करमणुकीचा उपास

उपासकाळ सुरू झाला की आमच्या बोईसरच्या ख्रिस्ती घरांत मटण-मासळी सोडायची चर्चा होते. रोज रात्री मोबाइलवर काय बघतो, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून, कानात मशीनची घरघर घेऊन माणूस घरी येतो. त्याला करमणूक हवीच. धर्माच्या नावाने ती बंद करायला निघालेले लोक मला पटत नाहीत. (स्पीकर फुटेस्तोवर भक्तिगीतं लावणं हीसुद्धा करमणूकच, आणि फारशी निर्मळ नव्हे!) मनात कशाला थारा द्यावा, हे पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलंय. त्यात हसू-गाणं वर्ज्य असल्याचं मला तरी दिसलं नाही.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी टाकली नाही. १९१९मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्याच बाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी एकटाच खदखदून हसतो. श्रद्धाळू घरातला इतका निकोप विनोद मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

काल मुलाने एक वेबसिरीज लावली. दहा मिनिटांत दोन खून, वर शिव्यांची लाखोली. विचारलं, “आजी बसली असती तर बघितलं असतंस?”

“आजीला आवडलं असतं,” तो म्हणाला. “तिला मारामारी आवडते.”

तेही खोटं नव्हतं.