चाकणचा किल्ला, आकाशातून!

दिघीतून रोज सकाळी किती जण चाकणची बस पकडत असतील? भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी... डोळे मिटूनही स्टॉप सांगता येतात. (मिटलेलेच असतात म्हणा!) चाकण म्हणजे शिफ्ट, कॅन्टीन, ट्रॅफिक आणि फार तर कांद्याचा बाजार. पण बॉस, याच गावात एक अख्खा भुईकोट आहे. संग्रामदुर्ग. त्यातला बराचसा आज जमिनीवर दिसत नाही.

जून १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेनं या किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं. ना डोंगर, ना कडा. आधार होता फक्त तटाचा आणि खंदकाचा. ऐन पावसाळ्यात जवळपास दोन महिने किल्ला लढला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगानं बुरूज उडवला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये तो पडला.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदी सांगतात, की किल्ला साधारण चौकोनी, खंदक तीसेक फूट रुंद आणि पंधरा फूट खोल, पाणी फक्त उत्तरेकडे. तटाबाहेर मातीची आणखी एक संरक्षक फळी होती आणि तिच्या खुणा त्या काळात दिसत होत्या. आता ती फळी कुठाय?

अशा गाडल्या गेलेल्या गोष्टी विमानातून शोधता येतात. १९२८ साली इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या कॅस्टर गावावरून हवाई दलाच्या विमानानं फोटो काढले. उन्हाळा कोरडा होता. खालच्या शेतात एका रोमन शहराचे रस्ते चक्क नकाशासारखे उमटले होते! यात जादू काही नाही. बुजलेल्या खंदकात भुसभुशीत माती खोलवर असते, ओल टिकते, म्हणून वरचं पीक उंच आणि हिरवंगार राहतं. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ, म्हणून तिथलं पीक लवकर पिवळं पडतं. जमिनीवर उभं राहून हे कळत नाही, वरून रेषा जुळतात. आपल्या काळ्या मातीत मात्र ओल सगळीकडेच टिकते, त्यामुळे खुणा पुसट होतात. बघायचंच तर पावसाळ्यानंतर बऱ्याच दिवसांनी, ज्वारी उभी असताना.

मग ड्रोन उडवू? दिघीत तर विचारही नको, आजूबाजूला सगळा लष्करी परिसर! मी घरी बसून लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडलं. बुरुजांचे तुकडे आणि त्यांच्या पायाशी खंदकाचा झुडपांनी भरलेला पट्टा सापडला. मातीची बाहेरची फळी काही दिसली नाही. तिथे छपरंच छपरं. मग जुन्या तारखांचा स्लायडर मागे ओढला. गावाभोवतीची शेतं परत आली, पुढे सरकवला की पत्रे आणि स्लॅब. आपलं ऑफिसही त्यातच!

खरी गोम इथे आहे. पीक बोलतं, काँक्रीट बोलत नाही. एकदा प्लॉट पडला की त्या जमिनीवर खूण पुन्हा उमटणार नाही. उरतात ते फक्त जुने फोटो. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. जगभरचे पुरातत्त्व अभ्यासक त्यात बुडालेली गावं शोधतात. कारखान्यांआधीचं चाकण बघायचं तर असेच फोटो चाळावे लागतील. आणि जी शेतं अजून उरलीत, त्यांच्याकडे आत्ताच नीट बघायला हवं.

रविवारी फार काही प्लॅन नसेल तर हे करून बघा:

कसं जाल? दिघीहून भोसरीमार्गे नाशिक हायवे, अंतर वीसेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा, ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.

काय बघाल? तटबुरुजांचे अवशेष, खंदक आणि किल्ल्यातलं दामोदर विष्णूचं मंदिर.

काय न्याल? पाण्याची बाटली आणि मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा. खंदकाच्या काठानं चालत जा. तो जिथे घरांखाली गडप होतो तिथे थांबा आणि स्क्रीनवर पुढची रेष शोधा.

सोमवारी बसमध्ये चाकण आलं की डोळे उघडतात की नाही, बघा!