बिनमिठाचे शंभर दिवस

साखराळ्याच्या कारखान्याचा मी जुना सभासद. दर दिवाळीला सवलतीची साखर आणायला पोतं घेऊन रांगेत उभा राहतो. 2018 च्या दिवाळीतही राहिलो. साखर घरात आली आणि तिसऱ्या दिवशी इस्लामपुरात डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं सरकवला. तीन महिन्यांची सरासरी साखर 9.4.

"आबा, तुमच्या उसाला उतारा किती पडतो?" त्यांनी विचारलं.

"साडेबारा."

"मग तुमचाबी चांगलाच पडलाय."

ते हसले, मला हसू आलं नाही. थोरल्या बंधूंचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चपलेनं घासलेली एवढीशी जखम, आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग नडगी. तेव्हापासून ते सोप्यात बसून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऊस कुठवर आला ते विचारतात. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ऊस पिकवला. त्यातली किती साखर आमच्याच अंगात मुरली देव जाणे.

पाव्हण्यांपैकी एकानं उरुळीकांचनचा आश्रम सुचवला. गांधीजी 1946 च्या मार्चात तिथं आले, आठवडाभर राहून गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले आणि पुढचं काम मणिभाई देसाईंवर सोपवून गेले. मणिभाई जन्मभर तिथंच राहिले. याच माणसानं 1967 साली बाएफ काढली आणि संकरित गाई शेतकऱ्याच्या दारात नेल्या. माझ्या गोठ्यातली होस्टन गाय म्हणजे एका परीनं त्यांचीच कृपा. मी दहा दिवस राहिलो. पोटावर मातीची पट्टी, पहाटेचं चालणं, बिनमिठाची उकडलेली भाजी, कच्ची कोशिंबीर, भाकरी, ताक. पहिले तीन दिवस चहावाचून डोकं फुटायची वेळ आली. चौथ्या दिवशी गाजर गोड लागलं. खरंच सांगतो, साठीपर्यंत मला गाजराची गोडी ठाऊक नव्हती.

घरी आलो ते नेम करूनच. शंभर दिवस साखर नाही, गूळ नाही, चहा नाही, मैदा नाही, पॉलिशचा तांदूळ नाही, दुकानच्या पुड्यातलं काही नाही आणि वरून मीठ-तिखटही नाही. शाळूची भाकरी, अख्खी कडधान्यं, पालेभाजी, ताक, पेरू. दिवस मावळायच्या आत जेवण. पारावर चर्चा सुरू झाली. तेव्हा गावोगाव डॉक्टर दीक्षितांच्या दोन जेवणांचं वारं होतं. अर्धा पार घड्याळ लावून पंचावन्न मिनिटांत जेवत होता आणि त्या पंचावन्न मिनिटांत काय काय हाणत होता ते मी बघत होतो. "आबांचं दीक्षितांचं न्हवं, गांधींचं हाय," असं एकानं जाहीर केलं. गांधीजींनी 1915 साली हरिद्वारला दिवसाला पाचच पदार्थ खायचं व्रत घेतलं होतं, हे मी आश्रमात ऐकून आलो होतो. ते सांगितल्यावर तो म्हणाला, "पाच? मग माझं बी जमतंय. मटन, तांबडा, पांढरा, भाकरी, भात."

एक फसगतही सांगून टाकतो. अख्खं धान्य चालतं म्हणून मी मनाची समजूत घातली की अख्खा मसूरही चालेल, आणि आमच्या भागातला ढाब्यावरचा अख्खा मसूर तर पुण्या-मुंबईची माणसं गाडी थांबवून खातात. थांबलो. मसूर अख्खा होता हे खरं, पण वर बोटभर तेलाचा तवंग. घरी बोललो नाही.

बाहेरच्यांचं काही वाटत नव्हतं. अडचण चुलीपाशी होती. पहिल्या दिवशी मी कालवणाची वाटी बाजूला सारली तशी मालकीण म्हणाली, "मीठ न्हाई, तिखट न्हाई, फोडणी न्हाई. मग मी हाय कशाला ह्या घरात?"

मी म्हटलं, "तुझ्या हाताचा राग न्हाई, डॉक्टरचा हुकूम हाय."

"डॉक्टरनं फोडणी बंद सांगितली?"

सांगितली नव्हती. ते माझं माझंच होतं. चाळीस वर्षं जिच्या हातचा खर्डा मिटक्या मारून खाल्ला, तिच्यापुढं रोज कच्चं बीट चावत बसायचं, हा माझा नेम होता की तिला शिक्षा, हा विचार तेव्हा शिवला नाही. ती माझ्या आधी जेवायची नाही, आणि माझ्यानंतर काय जेवते तेही मी बघत नव्हतो.

जानेवारीत आठवडाभर रात्रीची लाईट होती. ऊसतोड लांबलेली, पाणी द्यायलाच हवं. साडेअकराला मोटर चालू करून मी उसात शिरलो. दारं मोडून दुसऱ्या सरीला पाणी लावलं आणि हातातलं खोरं जड वाटायला लागलं. अंगाला दरदरून घाम, तोही जानेवारीच्या थंडीत. हात थरथरायला लागले, बॅटरी पाण्यात पडली. आपण कुठल्या सरीत आहोत ते कळेना, पोराला हाक मारायची तर त्याचं नाव आठवेना. साखर वाढली तर काय होतं ते भावाच्या पायानं शिकवलं होतं. कमी झाली तर काय होतं हे कुणी सांगितलं नव्हतं, पण आश्रमात एका म्हाताऱ्याला असंच झालेलं पाहिलं होतं. मी तिथंच चिखलात बसलो, हाताला लागेल तो ऊस मोडला आणि साल न काढताच चावायला लागलो. दीड-दोन पेरं चावल्यावर पोराचं नाव आठवलं.

चूक माझीच होती. जेवण निम्म्यावर आणलं आणि गोळ्या पहिल्या तेवढ्याच घेत राहिलो, डॉक्टरांना न विचारता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चांगलंच झापलं. एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली, मिठाचं एवढं सोवळं पाळू नका म्हणाले. मग शेजारी बसलेल्या मालकिणीकडं बघून विचारलं, "ह्यांची कधी तपासली?"

कधीच नाही. माझी सहा वेळा तपासून झाली होती. मी तिच्याकडं पाहिलं तर ती पदर सावरत म्हणाली, "मला काय धाड भरलीया?"

तिची आली 10.8. माझ्याहून जास्त.

येताना गाडीवर ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर मी हळूहळू विचारत गेलो. माझा चहा बंद झाला तरी दूध तेवढंच तापत होतं, सवयीनं दोन कप होत होता आणि दोन्ही कप तीच पीत होती. मी सोडलेला भात, पोरांनी टाकलेली पोळी, सणाची उरलेली बासुंदी, वाया जाऊ नये म्हणून सगळं तिच्या ताटात. आमच्याकडं ही रीतच आहे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी आई आम्हाला मोजून वाढायची आणि स्वतःचा उपास आहे म्हणायची. तेव्हा उरत नव्हतं म्हणून बाई उपाशी, आता उरतंय म्हणून बाईला साखर.

त्यानंतर माझा नेम माझा राहिला नाही, तिनं तो हातात घेतला. आधी कच्चं बीट बंद केलं. मग शाळूच्या कण्या, हुलग्याचं माडगं, बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळसा, जे आम्ही लहानपणी खात होतो आणि उसाचे पैसे आल्यावर गरिबाचं म्हणून सोडलं होतं, ते एकेक करून चुलीवर आलं. चिमटीनं मीठ आलं. लसणाची फोडणीही आली, घाण्याच्या तेलाची, एक चमचा. आता ती माझ्याबरोबरच जेवायला बसते. सुनेला आधी अवघड वाटलं, नातू तर अजून तिचं ताट आत नेऊन ठेवायला बघतो.

शंभरावा दिवस कधी उलटला ते ध्यानात राहिलं नाही. मे महिन्यात तपासलं तेव्हा माझी 7.2 होती, तिची 8.1. गोळ्या दोघांच्याही चालू आहेत.

सवलतीची साखर अजून आणतो. ती दोन्ही लेकींकडं जाते. आणि रात्रीची लाईट असली की मी निघताना मालकीण गुळाचा खडा कागदात बांधून माझ्या खिशात घालते. "खायचा न्हाई," म्हणते, "नुसता जवळ ठेवायचा." सकाळी आलो की आधी खिसा चाचपते.