काम काय आहे?

सरकारी इमारतीच्या फाटकावर विचारला जाणारा पहिला प्रश्न वरकरणी साधाच असतो. 'काम काय आहे?' विचारणारा शिपाई किंवा सुरक्षारक्षक बहुधा उद्धटही नसतो. दिवसभर उन्हात उभं राहून एवढंच विचारायला त्याला नेमलेलं असतं. तरी त्या प्रश्नापाशी आपला नूर बदलतो. आवाज खाली येतो, पिशवीतला कागद आपोआप हातात येतो, आणि सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घ्यायला आलेला माणूस गुन्हा कबूल करावा तसा बोलू लागतो. ठेकेदार, पुढाऱ्याचा माणूस, रोजचा एजंट यांना कुणी काही विचारत नाही. ते नुसती मान हलवून आत जातात. ज्याची आत ओळख नाही, त्यानंच आपली ओळख पटवायची, असा हा रिवाज.

या रिवाजात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: काम असेल तरच आत. मग नुसतं बघायचं असेल तर? माझ्या करातून चालणारी कचेरी चालते कशी, हे पाहणं काम म्हणून धरायचं की नाही?

न्यायालयांपुरतं याचं उत्तर केव्हाच देऊन झालं आहे. फौजदारी खटला चालतो ती जागा खुली असावी आणि सोयीनं मावतील तितक्या लोकांना तिथे येता यावं, असं कायदाच सांगतो. काही नाजूक प्रकरणं बंद दाराआड चालतात, तेवढा अपवाद. मावतील तितक्या! अट आहे ती जागेची, येणाऱ्याच्या कामाची नाही. जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून एखादी उलटतपासणी ऐकणाऱ्या निवृत्त मास्तरांना कुणी उठवत नाही. अनोळखी लोक बघत असले की न्यायाधीश, वकील, साक्षीदार सगळेच जरा सावरून बसतात, हे त्यामागचं जुनं शहाणपण. हेच शहाणपण तहसील कचेरीच्या दारात मात्र अडवलं जातं.

या बाबतीत १९२३ हे साल मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी दोन कागद झाले. एक म्हणजे इंग्रज सरकारचा शासकीय गुपितांचा कायदा. दुसरा म्हणजे सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेला ठराव. सरकारी पैशानं चालणारे पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असं तो म्हणत होता. आपल्याला त्यातले पाणवठे आठवतात, कारण पुढे महाड झालं. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. म्हणजे सरकारी कचेरीत पाऊल टाकता येणं हा हक्क आहे, हे शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात लिहून ठेवावं लागलं होतं. ज्यांना ओट्याखाली उभं राहून अर्ज वर सरकवावा लागे, त्यांच्यासाठी कचेरीचा उंबरठा विहिरीच्या काठाहून कमी मोलाचा नव्हता.

ठराव झाला म्हणून काही घडलं नाही. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, पण पाणी प्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चालत गेले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि कोर्टात त्याचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

दुसरा कागद, गुपितांचा कायदा, अजून जागा आहे. पोलीस ठाण्यात कुणी मोबाइलवर चित्रीकरण केलं तर त्याच्यावर हा हेरगिरीचा कायदा लावण्यापर्यंत मजल गेली होती. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगावं लागलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नव्हे. इतकी उघड गोष्ट न्यायालयाकडून वदवून घ्यावी लागते, यातच सगळं आलं.

दारावरचा पहारा कसा कसा वाढत जातो, हे मुंबईत मंत्रालयापाशी दिसतं. सर्वसामान्य माणसाला प्रवेश दुपारी दोननंतर. रात्रीच्या गाडीनं मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसं सकाळपासून आसपास ताटकळतात. २०२५ साली चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली, 'डिजीप्रवेश' ॲप आलं. ज्याच्या खिशात साधा फोन आहे, तो आधी कुणाचे तरी पाय धरतो. २०१८च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयातच विष घेतलं, आणि काही दिवसांनी ते गेले. पुढच्या महिन्यात एकानं वरच्या मजल्यावरून उडी मारली. मग मधल्या चौकावर जाळी ताणली गेली. जाळीनं जीव वाचतो, तिला नावं ठेवू नयेत. पण माणूस तिथवर का येतो, याचं उत्तर जाळी देत नाही. २०२४च्या ऑक्टोबरात विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी त्याच जाळीवर उड्या घेतल्या. ज्यांच्यासाठी सगळी दालनं उघडी, त्यांनाही आपलं म्हणणं पोचवायला जाळीच सापडली!

पहारा उगाच नाही, हे मान्य आहे. २००१ साली संसदेवर हल्ला झाला, २०२३ साली प्रेक्षक गॅलरीतून दोघे सभागृहात उतरले, तेही रीतसर पास घेऊन. पिशवी तपासा, नाव लिहून घ्या, गर्दी झाली तर थांबवा. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. तपासणी सगळ्यांची असावी आणि तिचे नियम भिंतीवर वाचता यावेत, एवढंच. आपल्याकडे भिंतीवर असते ती एकच पाटी: सरकारी कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. त्याच आकाराच्या अक्षरांत 'आपण काय पाहू शकता' हे लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं.

आणि पाहता बरंच काही येतं. माहिती अधिकार कायद्यानं २००५ साली कागदांची नक्कल दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. तो कायदा पाहणीचाही हक्क देतो: समोर बसून फाइल चाळायची, टिपणं काढायची. पुणे महापालिकेनं त्यासाठी आठवड्यातला एक दिवस नेमण्याची प्रथा पाडली, आणि २०१८च्या नोव्हेंबरात राज्य शासनानं जिल्हास्तरावरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तेच करायला सांगितलं. दर सोमवारी, दुपारी तीन ते पाच.

अशाच एका सोमवारी मी एका नगरपालिकेत गेलो होतो. आमच्या भागातल्या गटाराच्या कामाची फाइल मागितली. लिपिकानं चष्म्यावरून पाहिलं.

"ठेकेदाराकडून आलात?"

"नाही."

"मग पेपरवाले?"

"नाही हो. मागच्या गल्लीत राहतो."

यावर त्याला काय बोलावं ते सुचेना. त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, तिथूनही काही मदत आली नाही. शेवटी उठून त्यानं कपाटातून फाइल काढली, लाल नाडी सोडली आणि खुर्चीवरचा गठ्ठा उचलून मला जागा करून दिली. टिपणीच्या पानांवर 'सादर', 'चर्चा करावी', 'पुनश्च सादर' असे शेरे एकाखाली एक चढत गेले होते. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली शाईनं लिहिलेली. खोलीचा आकडा वाचून मी थांबलो. ज्या गटारावरून रोज उडी मारून जातो, त्यात तेवढी खोली नव्हती. मी आकडा वहीत उतरवू लागलो, तेव्हा इतका वेळ गप्प असलेला लिपिक हळूच म्हणाला, "तारीखपण लिहून घ्या." त्यालाही बहुधा वाटत असावं की कुणीतरी हे बघावं. आत बसलेला प्रत्येक जण दार लावून घ्यायलाच बसलेला असतो असं नाही. बाहेरचा माणूस येऊन बसला, की आतल्या सरळ माणसाला थोडं बळ येतं.

अर्थात मी पायऱ्या चढून गेलो होतो. २०२३ साली मुंबईत चाकाच्या खुर्चीवरच्या एका तरुणीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण इमारतीला लिफ्ट नव्हती. अपंगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा तेव्हा लागू होताच. तिला फाटकावर कुणी हटकलंही नसेल. जिन्यानंच परस्पर नकार दिला.

गावाकडे शेताच्या रस्त्याचे वाद तहसीलदारापुढे चालतात. तिथे पहिला प्रश्न असतो वहिवाटीचा. नकाशात काय आहे ते पाहतातच, पण माणसं आणि बैलगाड्या त्या वाटेनं खरोखर जात होती का, हे पंचांना विचारलं जातं. जायचं थांबलं की बांध सरकतो, वाटेवर पेर होते आणि नंतर भांडायला पुरावा राहत नाही. कचेरीच्या वाटेचंही तसंच आहे. शासन निर्णय फाइलीत आहे, कायदा पुस्तकात आहे. पण सोमवारी तीन वाजता कुणीच गेलं नाही, तर काही महिन्यांत ती खुर्ची पुन्हा गठ्ठ्याखाली जाईल. पुढे केव्हातरी एखादा वाट वाकडी करून येईल आणि फाइल बघायला मागेल, तेव्हा टेबलावरचा नवा लिपिक त्याला सांगेल की आमच्याकडे असं काही नसतं. आणि तो खोटं बोलत नसेल.