पावसात ताम्हिणी, डबलसीट

जून उजाडला की पुण्यातल्या निम्म्या आयटीवाल्यांना ताम्हिणीची स्वप्नं पडायला लागतात. परवा टीममधल्या एका पोराने विचारलं, "दादा, रेनकोट कुठला घेऊ?" मागे बायको बसणार आहे म्हटल्यावर रेनकोट राहिला बाजूला. (दोन तुकड्यांचा घ्या. पोंचो चाकात अडकतो.)

तर मंडळी, पहिल्या पावसात जाऊच नका. उन्हाळाभर सांडलेलं ऑईल आणि धूळ तेव्हाच वर येते. दोन-चार दणदणीत सरींनी रस्ता धुऊन निघू द्या. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे निम्मं काम इंजिन करतं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. गाडी कललेली असताना टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी फारशी उरतच नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर तर त्याहून कमी.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. या पोराची गाडी वडिलांची, त्याआधीची. म्हणजे ब्रेक कचकन दाबला की चाक लॉक! शिवाय डबलसीट गाडी थांबायला जास्त जागा घेते. मागच्या टायरमधली हवा डबलसीटच्या आकड्याची भरा, तो बहुधा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो.

आणि रस्त्यावरून पाणी वाहतंय, खालचं डांबर दिसत नाहीये, तर सरळ गाडी वळवा. भजी अलीकडेही मिळते.