उतारवयातली उभारी

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. डब्यांत शंकरपाळे, करंज्या अजून आहेत आणि आई चहाबरोबर त्यातलंच काही घेते. जेवण तिला नकोसं होतं, गोड मात्र चालतं. मला काळजी आहे ती तिच्या उभारीची. ताप आला, पाय घसरला, तर त्यातून पुन्हा पूर्वीसारखं उभं राहण्याची ताकद वयाबरोबर घटते. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात, साठीनंतर आणखी वेगाने. साखर-तुपाने पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं त्यातून मिळत नाहीत. पोटात साठलेली चरबी शरीरात सौम्य दाह सतत धुमसत ठेवते, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मधुमेह जडला, की जखमाही लवकर भरत नाहीत. बाहेरून अंग भरलेलं दिसतं, आतलं बळ मात्र ओसरत जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलं, की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, आली तर अधिक चांगलं. हे जेमतेम सहा चमचे. दोन कप गोड चहातच त्यातले बरेच संपतात.

सणाचं गोड मी आईकडून हिरावून घेणार नाही. तिने आयुष्यभर ते आमच्यासाठी केलं. रोजच्या चहाबरोबर मात्र आता मुगाचं धिरडं किंवा वाटीभर उसळ, आणि संध्याकाळी दोघींनी मिळून चालणं. ऐंशीतही ती खुर्चीतून स्वतःच्या बळावर उठावी, असं मला मनापासून वाटतं. त्याची तजवीज आजच्या स्वयंपाकातच करायला हवी.